ट्रकवाल्याचा मुलगा

ऊस म्हटला की क्यूबाचे नाव निघतेच. त्याच बेटावर, हवाना शहरातल्या लॉस पिनोस या गरीब वस्तीत, १९७३ साली कार्लोस अकोस्ता जन्मला. बाप ट्रक चालवी. बापाचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर राबणारे गुलाम. कार्लोस हे त्याचे अकरावे अपत्य.

पोरगं उनाड. फुटबॉल आणि रस्त्यावरचा नाच, एवढेच त्याचे विश्व. वाया जाऊ नये म्हणून नवव्या वर्षी बापाने त्याला बॅलेच्या शाळेत घातले. बॅले म्हणजे शब्दांवाचून, नुसत्या हालचालींनी सांगितलेली कथा. युरोपात ही कला राजदरबारात वाढली. क्यूबात मात्र १९५९ च्या क्रांतीनंतर सरकारने तिच्या शाळा उघडल्या. शिक्षण फुकट, वर दुपारचे जेवण. ट्रकवाल्याला हे जेवणही महत्त्वाचे होते, बरं का!

पण मुलाला लाज वाटे. गल्लीतली पोरे चिडवीत. त्याने इतक्या दांड्या मारल्या की शाळेने नाव काढले. बापाने हट्ट सोडला नाही. पिनार देल रिओच्या निवासी शाळेत धाडले. तिथे तेराव्या वर्षी त्याने राष्ट्रीय बॅले मंडळीचा प्रयोग पाहिला. एका नर्तकाने अशी झेप घेतली की तो खाली यायचेच विसरला असे वाटावे. तेव्हापासून पोर आपण होऊन सरावाला उभे राहू लागले.

शिक्षक मित्रहो, दोन वेळा हाकललेल्या मुलावर पुन्हा वेळ कोण घालवतो? रामोना दे सा या बाईंनी घालवला. १९९० साली लोझानच्या स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळाले. पुढे लंडन, ह्यूस्टन, आणि १९९८ पासून लंडनचे रॉयल बॅले. राजपुत्राच्या भूमिका गोऱ्यांनीच कराव्यात असा तिथला रिवाज. हा काळा मुलगा रोमिओ झाला.

कीर्ती मिळाल्यावर माणसे गावाकडे फिरकत नाहीत. हा मात्र फिरला. त्याने हवानात स्वतःची नृत्यमंडळी काढली. २०१७ साली तिला जोडून एक विद्यालय उघडले. तिथे तीन वर्षांचे शिक्षण विनामूल्य. बॅलेबरोबर क्यूबाचे स्वतःचे नाचही शिकवतात. २०२० पासून इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बॅले मंडळीची धुरा त्याच्याकडे आली, तरी हवानातली मंडळी त्याने सोडली नाही.