हिरवळीचा हिवाळा

दसरा उलटला, परतीच्या पावसाची शेवटची सर येऊन गेली, की घरापुढची हिरवळ ऐन भरात असते. दिवाळीचे पाहुणे तिच्यावर खुर्च्या मांडून बसतात आणि यजमानाचे कौतुक करतात. पुढे महिना-दीड महिन्यात थंडी पडू लागते आणि एके सकाळी यजमानाच्या ध्यानी येते, की तो रंग उतरला आहे. तो माळ्याला बोलावून जाब विचारतो. माळी बिचारा दोन्ही वेळ पाणी सोडू लागतो, मुठीमुठीने युरिया फेकतो, पिवळी पाती दिसू नयेत म्हणून गवत अगदी बुडख्यापाशी कापतो. हे सारे आस्थेपोटी केलेले असते. पण थंडीने हिरवळीचे जे नुकसान केलेले नसते, ते या उपायांनी होते.

या गैरसमजाचे मूळ थोडे दूरचे आहे. घरापुढे आखूड कापलेल्या गवताचा पट्टा राखावयाची हौस भारतात मुख्यत्वे इंग्रजांबरोबर आली. इंग्लंडात एडविन बडिंग याने १८३० साली गवत कापण्याचे यंत्र शोधून काढले. तोवर हे काम लांब दांड्याच्या विळ्यांनी होई किंवा चरणाऱ्या मेंढ्या करीत. तिकडच्या हिरवळीचे गवत थंड हवेचे. १५ ते २४ अंश सेल्सिअस एवढी उष्णता त्याला मानवते. कडक उन्हाळ्यात ते मरगळते आणि शरदात पुन्हा जोम धरते. म्हणून तिकडचा माळी शरद ऋतूत बी पेरतो व खत घालतो. हौसेबरोबर हे वेळापत्रकही इकडे आले आणि बागकामाच्या पुस्तकांतून रुजले.

परंतु भारतातल्या बहुतेक बागांत पसरलेले गवत तिकडचे नाही. ती आपली हरळी होय. गणपतीला वाहतात ती दूर्वा हीच. ऊस आणि ज्वारी यांच्याप्रमाणे ती प्रखर उन्हात अन्न तयार करण्यात तरबेज असते. जमिनीची ऊब १५ अंशांच्या खाली गेली की तिची वाढ मंदावते; १० अंशांच्या आसपास आली की पात्यांतील हरितद्रव्य ओसरू लागते. मात्र जमिनीखालची कांडी जिवंत असतात व पावसाळ्यात साठविलेल्या पिष्टावर तग धरून राहतात. थोडक्यात, हरळी मरत नाही, निजते. ज्याला शंका असेल त्याने माती थोडी उकरून एखादे कांडे बाहेर काढावे. ते आतून पांढरे व टणक असेल तर काळजीचे कारण नाही; तपकिरी होऊन काडीसारखे मोडले तरच ती जागा मेली असे समजावे.

ही निद्रा सर्वत्र सारखी नसते. दिल्ली, ग्वाल्हेर या बाजूस पौष-माघात काही रात्री पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो; तेथे हिरवळ पूर्ण पिवळी पडते. नागपूर, इंदूर, पुणे येथे ती अर्धवट डुलकी घेते. मुंबई-गोव्याकडे अथवा बंगळूरास थंडी बेताची. तेथे हिरवळ पिवळी दिसली तर कारण बहुधा पाण्याचे किंवा सावलीचे असते.

निद्रा सुखाची व्हावयाची तर तयारी आश्विन-कार्तिकातच झाली पाहिजे. पहिले काम लव्हाळ्याचे. पुरात वाकून तगणाऱ्या लव्हाळ्याची नम्रता संतांनी वाखाणली. हिरवळीत मात्र त्याच्याइतका चिवट शत्रू दुसरा नाही. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरचा शेंडा उपटला तर खालच्या गाठी नवे कोंब काढतात. पावसाने माती मऊ आहे तोवर खुरपे खोल घालून गाठीसकट तो काढावा. दुसरे काम मातीचे. पावसाच्या माऱ्याने व पायांच्या वर्दळीने ती दडपलेली असते. काटेफावडे दहा सेंटिमीटर खोल रोवून जागोजाग छिद्रे पाडली की मुळांना हवा मिळते व पाणी आत मुरते. तिसरे काम खताचे, म्हणजे बहुतांशी ते आवरते घेण्याचे. थंडीच्या तोंडावर नत्र दिले तर कोवळी, पाणीदार पाती फुटतात आणि पहिल्या कडाक्यात करपतात. त्या वेळी उपयोगी पडते ते पालाश. लाकडाच्या राखेत ते असते. पण काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत राख जपूनच टाकावी. चौथे, कापणीचे यंत्र थोडे वर उचलावे. एरवी अडीच-तीन सेंटिमीटर राखलेली हरळी हिवाळ्यापूर्वी चार सेंटिमीटरपर्यंत वाढू द्यावी. उंच पात्यांचे पांघरूण खालच्या कांड्यांना उपयोगी पडते. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कधीही कापू नये.

प्रत्यक्ष थंडीत करावयाचे थोडे आणि टाळावयाचे अधिक. संध्याकाळी पाणी देऊ नये. ते व रात्रीचे दव मिळून पाती तासन्‌तास ओली राहतात आणि बुरशीला आमंत्रण मिळते. उत्तरेकडे पहाटे हिम पडले असेल तर ऊन चढेपर्यंत हिरवळीवर पाऊल टाकू नये; गोठलेल्या पात्यांच्या पेशी पायाखाली फुटतात आणि दुसऱ्या दिवशी त्या पावलांचे तपकिरी ठसे उमटलेले दिसतात. शिशिरात देशी बदामाची तांबडी पाने गळतात, पाठोपाठ पिंपळ व कडुनिंब झडतात. ती पाने वरचेवर गोळा करून खड्ड्यात टाकावीत. गवतावर साचून राहिली तर प्रकाश अडवितात. खड्ड्यात कुजली तर त्यांचेच खत होते.

आता पाण्याचा प्रश्न. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. म्हणून शंभर चौरस मीटर हिरवळीला एकदा दहा मिलिमीटर पाणी दिले तर एक हजार लिटर खर्ची पडते. म्हणजे घरातले पन्नास-साठ हंडे. जागी असलेली हरळी त्याचा मोबदला देते. निजलेली हरळी त्यातले फारच थोडे पिते. ज्या प्रदेशात चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात, तेथे पौषात रोज असे पाणी ओतणे हा केवळ बागेचा प्रश्न राहत नाही. म्हणून गवताकडे पाहून पाणी द्यावे. पाती दुमडली, रंग निळसर-करडा झाला, पाऊल उचलल्यावर ठसा तसाच राहिला, की सकाळी उन्हात एकदाच भरपूर पाणी द्यावे. पुन्हा खूण दिसेपर्यंत थांबावे. उत्तरेच्या धुक्यात ही वेळ बऱ्याच दिवसांनी येते. दख्खनच्या कोरड्या उन्हात लवकर येते.

उत्तरेकडील काही बागांत हिवाळ्यातही हिरवा रंग हवाच म्हणून शरदात हरळीवर राय गवताचे बी फेकतात. ते चार महिने डोळ्यांना सुख देते आणि उन्हाळ्यात मरते. पण वसंतात हरळी जागी होते तेव्हा तिचे ऊन व पाणी हिरावून घेते. खेळाच्या मैदानास हा व्यवहार परवडेल. घरच्या अंगणाने त्याचा विचार करून मग हात घालावा.

महाशिवरात्रीनंतर थंडी ओसरते आणि करड्या गवतातून हिरवी टोके वर येऊ लागतात. हा खरा खत घालण्याचा काळ. दाताळ्याने वाळलेली पाती खरवडून काढावी, मुरलेले शेणखत व बारीक माती यांचा पातळ थर पसरावा आणि मग पाण्याचा हात सैल सोडावा. होळीपर्यंत हिरवळ पुन्हा हसू लागते.

तेव्हा पौषात हिरवळीचा रंग उतरलेला पाहून यजमानाने माळ्याला बोलवावे ते जाब विचारण्यासाठी नको. दोघांनी मिळून एक कांडे उकरून पाहावे. ते पांढरे असेल तर माळ्याने आपले काम कार्तिकातच चोख केलेले आहे. त्याला शाबासकी द्यावी आणि नळ बंद करावा.