फुटलेला कुकर भंगारात देऊ नका

 

आज आम्ही बोलणार आहोत घरातल्या रोजच्या वस्तूंविषयी. कुकर, मिक्सर, शेगडी, पंखा, पाणी तापवायचं हीटर. या वस्तू घेताना आपण चार दुकानं फिरतो, भाव करतो. पण त्याच वस्तूनं हात भाजला किंवा करंट बसला, तर पुढं काय करायचं हे आपल्याला कुणी सांगत नाही.

कुकर फुटला की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुझं लक्ष कुठं होतं?" कुकर बनवणाऱ्याचं लक्ष कुठं होतं, असं कुणी विचारत नाही. आमच्या एका गटातल्या ताईंच्या कुकरचं झाकण उडालं. कुकर घेऊन वर्षही झालं नव्हतं. हात आणि गळा भाजला, मजुरी बुडाली. दवाखान्यातून घरी आल्या, तोवर सासूबाईंनी "असली वस्तू घरात नको" म्हणून कुकर भंगारवाल्याला देऊन टाकला होता. पावतीही सापडली नाही. दोष कुकरात होता की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून कायदा काय म्हणतो ते ऐका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो लागू झाला २०२० मध्ये. सदोष वस्तूमुळे कुणाला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी कुणाची, हे त्यात वेगळ्या प्रकरणात लिहिलं आहे. वस्तू बनवताना चूक राहिली, तिची रचनाच धोक्याची असली, किंवा कशी वापरायची आणि धोका कुठं आहे याची नीट सूचना दिली नाही, तर बनवणारी कंपनी जबाबदार. आणि आठवडी बाजारातल्या बिननावाच्या वस्तूचं काय? बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर विकणारा जबाबदार धरता येतो.

वस्तू तुम्ही स्वतः विकत घेतलेली नसली तरी चालतं. नवऱ्यानं आणलेला मिक्सर सून वापरत असेल, तर तीसुद्धा ग्राहकच. इजेनं माणूस दगावला, तर वारसांना तक्रार करता येते.

पण यात एक मोठी अट आहे. वस्तू चुकीची वापरली किंवा तिच्यात आपण बदल केला, तर कंपनी हात वर करू शकते. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला म्हणून तिथं बोल्ट ठोकणं, शिट्टी उडू नये म्हणून वर वजन ठेवणं, मिक्सरची पिन मोडली म्हणून उघड्या वायरी सॉकेटात खुपसणं, हे सगळं बंद करा. यात जीव जातो, आणि वर हक्कही जातो.

आता, अपघात झालाच तर काय करायचं?

आधी दवाखाना. भाजल्यावर वाहतं साधं पाणी घाला, टूथपेस्ट नको. डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि केसपेपरवर ते लिहून घ्या. पोलिसांनी जबाब घेतला, तर त्याची प्रत मागा.

दुसरं, वस्तू जपून ठेवा. झाकण, शिट्टी, रबर, तुकडे, सगळं पिशवीत बांधून ठेवा आणि फोटो काढा. दुकानदार म्हणेल, "जुना द्या, नवा नेऊन टाका." लगेच देऊ नका. आयोगाला गरज वाटली, तर ती वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येते. वस्तूच नसेल तर तपासणार काय?

तिसरं, पावती आणि वॉरंटी कार्ड. पावती हरवली असेल, तर मोबाईलवरून पैसे दिल्याची नोंद शोधा.

चौथं, दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा, प्रत आपल्याजवळ ठेवा. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. भरपाई हवी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. लागलाच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती विसरू नका.

आणि हे टाळायचं असेल, तर घेतानाच बघा. २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर टाकला, की तो खरा की खोटा ते कळतं. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीला २,२६५ कमअस्सल कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे द्यायचा आदेश दिला होता. म्हणजे मोठं नाव दिसलं म्हणून डोळे झाकू नयेत.

शेवटी एक गोष्ट आपल्याच घरातली. आपण पापड, मसाला, लोणची विकतो, तेव्हा बनवणारे आपणच असतो. कायद्यात अन्नही वस्तूच आहे. आपल्या लोणच्यानं कुणाचं मूल आजारी पडलं, तर तिची आईही हाच कायदा घेऊन येईल, आणि तिनं यावंच. म्हणून अन्न नोंदणी करा. पाकिटावर काय काय घातलंय, कधी बनवलं, कधीपर्यंत खायचं, हे लिहा. शेंगदाणे असतील तर तेही स्पष्ट लिहा, काहींना ते सोसत नाहीत. प्रत्येक घाण्याची तारीख वहीत ठेवा, म्हणजे एखादा घाणा बिघडला तर तेवढाच माल परत आणता येईल.

येत्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं घरातल्या वस्तूंच्या पावत्या आणायच्या. पावतीची शाई उडते, म्हणून मोबाईलवर फोटो काढायचे आणि मूळ पावत्या गटाच्या पेटीत एका पिशवीत ठेवायच्या. पासबुक जपतो, तशाच पावत्याही जपू या.