पाहण्याचा धडा



छायाचित्रकार श्री. सुधारक ओलवे ह्यांच्याविषयी मी दोन शब्द सांगणार आहे. १९८८ पासून त्यांनी मुंबईत वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढली. पण नाव झाले ते तेथील महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या चित्रांमुळे. घाणीने माखून गटारातून वर येणारा माणूस त्यांनी जगाला दाखविला. २०१६ साली त्यांना 'पद्मश्री' किताब मिळाला. ही विद्या त्यांनी गरीब वस्तीतील मुलामुलींनाही शिकविली.

त्यांचा खरा धडा पाहण्याचा आहे. आपल्या बार्शीत दारचा कचरा नेणारी बाई आपल्याला रोज दिसते. तिचे नाव किती जणींना ठाऊक आहे? यंदा हळदीकुंकवाचे पहिले आमंत्रण तिला जावे, मग ती सवाष्ण असो वा नसो, एवढी सूचना मांडून मी आपली रजा घेते.