वर्दीची तयारी करताना कॉलेजचं काय?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



चेअरमनसाहेब मला म्हणाले, ‘सर, पोरांना लष्करात अधिकारी होण्याविषयी दोन शब्द सांगा.’ आता साताऱ्यात हे सांगायला माणूस लागतो का? आपल्याकडं अपशिंगे मिलिटरी असं गावाचंच नाव आहे. देशातली पहिली सैनिक स्कूल 1961 साली इथंच सुरू झाली. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 2015 मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले आणि 2017 च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या पत्नी स्वातीताई चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. तेव्हा देशप्रेमावर मी काही बोलत नाही, ते तुमच्यात आहेच. मी बोलणार आहे वेळापत्रकावर. हसू नका. आधी सांगलीत आणि मग साताऱ्यात मी कॉलेजात शिकवलं, त्यातली बरीच वर्षं एनसीसीचं काम केलं. मुलं धावण्यात कमी पडून परत आली असं मी फार थोडं बघितलं. कागदात कमी पडलेली जास्त बघितली.

बारावीनंतर एनडीएत जो जातो त्याचा प्रश्न सोपा आहे. खडकवासल्याला तीन वर्षांत प्रशिक्षणही होतं आणि जेएनयूची पदवीही मिळते. 2022 पासून मुलीही तिथं जातात, त्यांची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली. पण एनडीए हुकलेली किंवा तो विचारच उशिरा डोक्यात आलेली मुलं आपल्याकडं जास्त. त्यांना पदवीच्या वाटेनं जावं लागतं. एक वाट यूपीएससीच्या सीडीएस परीक्षेची, ती वर्षातून दोनदा होते. दुसरी एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्राची, तिला लेखी परीक्षा नाही, अर्जांची छाननी होऊन थेट एसएसबीची मुलाखत. इंजिनिअरिंगवाल्यांना तांत्रिक शाखेची आणखी एक. वाटा वेगळ्या, पण अकादमीच्या दारात सगळ्यांना एकच विचारतात: पदवी पूर्ण झाली का? दाखवा.

आमच्या पिढीतल्या ज्येष्ठांना आठवत असेल, चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली होती. सगळा वर्गच परेडला, त्यामुळं परेडमुळं कोणा एकट्याचं नुकसान व्हायचं नाही. 1968 ला ती पुन्हा ऐच्छिक झाली. तेव्हापासून कॉलेज आणि परेड यांची सांगड घालायचं काम त्या मुलावर येऊन पडलं. साठ जणांच्या वर्गात चौघं कॅम्पला जातात, बाकीच्यांचं प्रॅक्टिकल ठरल्या दिवशी होतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या चुकीची आहे.

सांगलीला असताना माझ्याकडं एक मुलगा होता, बीएस्सीचा. घरी हळदीचं शेत, वडील हमाल पंचायतीत. ड्रिल असं करायचा की बघत राहावं. दुसऱ्या वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या दिल्लीच्या शिबिरासाठी निवड सुरू झाली. त्या निवडीची शिबिरं एकामागून एक असतात आणि विद्यापीठाची सत्र परीक्षा नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्याचा एक पेपर शिबिरात सापडला. तो मला विचारायला आला. मी म्हणालो, ‘अरे, पेपर काय, पुढच्या वेळी देशील. राजपथ पुन्हा मिळणार नाही.’ त्यानं माझं ऐकलं. दिल्लीला जाऊनही आला, गावानं मिरवणूक काढली, मीही फेटा बांधून पुढं होतो.

तो पेपर मात्र मागं राहिला. तिसऱ्या सत्राचा पेपर, पुढच्या वेळी त्याच दिवसांत त्याला ताप आला. तिसरं वर्ष चांगल्या गुणांनी पास झाला, पण एक विषय बाकी म्हणून पदवीचा निकाल राखून ठेवला. तेवढ्यात भोपाळच्या एसएसबीतून तो निवडला गेला. पाच दिवस काढले, वैद्यकीय तपासणीत बसला, गुणवत्ता यादीत नाव आलं. पदवीचा पुरावा ज्या तारखेच्या आत द्यायचा ती तारीख आली आणि त्याच्या त्या एका पेपरचा निकाल लागला तीन आठवड्यांनी. तीन आठवडे! कोर्स निघून गेला. पुढं दोनदा तो एसएसबीला गेला, निवड झाली नाही, आणि मग वय संपलं. आज तो हळदीच्या व्यापारात आहे, त्याचं बरं चाललंय. भेटला की पाया पडतो, आणि मला त्याच्याकडं नीट बघवत नाही.

त्यानंतर मी एक करायला लागलो. अमेरिकेत आरओटीसी म्हणून पद्धत आहे, विद्यापीठात शिकताशिकताच अधिकारी घडवतात. तिथल्या आर्मीच्या कॅडेटकडून पदवीपर्यंतचे सगळे विषय सत्रवार लिहिलेला तक्ता भरून घेतात. आपल्याकडं तसा कागद कोणी मागत नाही, म्हणून आपणच करायचा. स्वयंपाकघरात टांगलेलं कालनिर्णय पुरतं. लाल शाईनं सत्र परीक्षा आणि प्रॅक्टिकल, निळ्यानं कॅम्प, हिरव्यानं सीडीएस आणि एसएसबीच्या संभाव्य तारखा. जिथं दोन रंग एका आठवड्यात येतात, तिथं आजच बोलायला जायचं. कॅम्पहून आल्यावर नाही, जायच्या आधी. विभागप्रमुखांना लेखी अर्ज, सोबत शिबिराचा आदेश जोडलेला, आणि पोच घेतलेली प्रत आपल्या फाईलला. काही ठिकाणी अशा मुलांची परीक्षा वेगळी घेण्याची सोय असते, पण ती मागणाऱ्यालाच मिळते. आणि माझ्यासारखा कोणी सर ‘पुढच्या वेळी देशील’ म्हणाला, तर त्याला नम्रपणे विचारा, पुढच्या वेळी म्हणजे नक्की कधी, सर?

पहिल्या वर्षाबद्दल एक. ‘एफवायचे मार्क कोण बघतं’ असं तुम्ही जिन्यात बोलता ते मी ऐकलंय. बघतात. एनसीसीच्या वाटेनं जाताना पदवीला सरासरी 50 टक्के लागतात, आणि शेवटच्या वर्षात असताना अर्ज केलात तर आधीच्या वर्षांची सरासरी धरतात. ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी हवी. त्या परीक्षेला बसायला 75 टक्के परेड हवी, आणि कॉलेजही हजेरी 75 टक्केच मागतं. दोन्हीकडं कसंबसं 75 गाठू म्हणणारा मुलगा एका आजारपणात दोन्हीकडं अडकतो.

एसएसबीचे पाच दिवस म्हणजे पाच दिवस नव्हेत. गोवा एक्स्प्रेस मिरज, सांगली, सातारा करत भोपाळला नेते खरी, पण जाणं-येणं धरा, निवड झाली तर पुढं वैद्यकीय तपासणीचे दिवस धरा. पंधरवडा गेला असं समजूनच सहाव्या सत्रातला प्रोजेक्ट आधी संपवायचा. एक मुलगी, साताऱ्याचीच, तिनं प्रोजेक्ट दिवाळीच्या सुट्टीत उरकला होता. मैत्रिणी तिला हसायच्या. दोनदा ती पहिल्याच दिवशीच्या चाळणीत परत आली, तिसऱ्यांदा निवडली गेली. तोवर एमएस्सीचं पहिलं वर्षही पदरात पडलं होतं. वर्ष वाया गेलं असं तिच्या घरी कोणाला म्हणता आलं नाही, आणि मुलीच्या बाबतीत घरचे काय म्हणतात यावर तिसरी संधी मिळते की नाही हे ठरतं. हे मी पालकांकडं बघून बोलतोय.

आता सोयी वाढल्यात. 2021 पासून एनसीसी हा श्रेयांकाचा ऐच्छिक विषय म्हणून ठेवायची मुभा विद्यापीठांना आहे, सहा सत्रांत 24 श्रेयांक. श्रेयांक साठवायची बँक आहे. तुमच्या कॉलेजात यातलं काय चालू आहे ते प्रवेश घेतानाच कार्यालयात विचारा. पण सोय आहे म्हणून पेपर मागं टाकत जाऊ नका. श्रेयांक बँकेत राहतात, वय राहत नाही. या वाटेला पंचविशीच्या आसपास दार बंद होतं.

आणि जवान म्हणून आधीच भरती झालेला कोणाचा भाऊ असेल तर त्याला सांगा, त्याच्यासाठी डेहराडूनला आर्मी कॅडेट कॉलेज आहे. तीन वर्षं पदवी, मग आयएमएत एक वर्ष. बारावी मात्र झालेली हवी.

मी बी विंगला पहिल्या मजल्यावर राहतो. रविवारी परेड सुटल्यावर ज्यांना यायचं त्यांनी या. येताना कालनिर्णय आणा आणि आजवरच्या सगळ्या गुणपत्रिका आणा. सगळ्या म्हणजे सगळ्या, जी घरी दाखवलेली नाही तीसुद्धा.