नाताळातील गोड कादंबरी



वैशाखाच्या उकाड्यात नाताळची गोष्ट, आणि तीही प्रेमकथांची, कामगार चळवळीतल्या माणसाने सांगावी, याचे आपणांस हसू आले असेल. वीस वर्षांपूर्वी आम्हांलाही आले असते. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. तेथे फडके 'कलेसाठी कला' म्हणत आणि खांडेकर 'जीवनासाठी कला' म्हणत, तेव्हा आम्ही कोणी न विचारताच खांडेकरांच्या पंगतीला जाऊन बसलो. 1928 साली मुंबईचे गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. पुढच्याच वर्षी फडक्यांची 'दौलत' निघाली. असल्या काळात प्रेमकथा कसल्या लिहायच्या, असा आमचा सवाल असे. फडक्यांच्या नायकाला महिनाअखेरची काळजी पडलेली आम्हांला कधी दिसली नाही, आणि ही तक्रार आजही आम्ही मागे घेतलेली नाही.

परंतु एका डिसेंबरात आम्ही उत्तनला गेलो. तेथल्या कोळीवाड्यातला एक मुलगा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामावर होता. नाताळची सुट्टी मालक देईना. त्याच्या घरी ओटीवर पाचसहा बाया कुलकुल वळत बसल्या होत्या. पिठाची गोळी फणीवर दाबायची आणि गुंडाळायची. मधोमध एक मुलगी वाचनालयातली कादंबरी मोठ्याने वाचीत होती. "बसा काका, दोनच पानं राहिलीत," म्हणाली, आणि आम्हांला पाणीसुद्धा विचारले नाही. नायक परगावी, पत्र हरवलेले, नायिकेचे लग्न दुसरीकडे ठरत आलेले. मुलाची आई हातातली फणी खाली ठेवून म्हणाली, "नाताळला तरी येऊ दे गं त्याला घरी!"

आम्ही मागण्यांचा कागद खिशातच ठेवला.

आनंदी शेवट म्हणजे भुलवणे, असे आम्ही सभांतून अनेकदा बोललो आहोत. पण बाबा पदमनजींनी 1857 साली 'यमुनापर्यटन' लिहिले, तेव्हा विधवेचे पुन्हा लग्न लावून देणे हा गोड शेवट होता की मागणी होती? डिकन्सची नाताळची गोष्ट 1843 ची. तीत कारकुनाला सणाचा पुरा दिवस हवा असतो, आणि स्क्रूज कुरकुरतो की, काम न करता पगार द्यायचा! हे बोलणे आम्ही भाईंदरमध्ये जसेच्या तसे ऐकले आहे, फक्त हिंदीतून. त्याच स्क्रूजला तरुणपणी एक मुलगी सोडून गेलेली असते, कारण त्याचे मन पैशाला लागलेले. आम्ही ते पुस्तक प्रथम वाचले तेव्हा पगाराचे पान खूण करून ठेवले आणि मुलीचे पान उलटून टाकले. ओटीवरच्या त्या बायांनी नेमके उलट केले असते, आणि गोष्ट त्यांना आमच्याहून अधिक कळली असती.

दुसऱ्या दिवशी मालकाशी दोन तास बोलणे झाले. 25 तारखेची सुट्टी मिळाली, पण पुढच्या रविवारी भरून देण्याच्या अटीवर. आम्ही ती मान्य केली. करायला नको होती, असे अजूनही वाटते.

जानेवारीत वर्गणीचे निमित्त काढून आम्ही पुन्हा उत्तनला गेलो. कादंबरी वाचनालयात परत गेली होती. नायकाचे काय झाले, असे विचारले. आला म्हणे, अगदी शेवटच्या पानावर.