नॅरॉयफ्योर्डची जलसफर



नॉर्वेतील फ्लोम गावाहून आम्ही दहा जण वेगवान होडीतून निघालो. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेला समुद्र. नॅरॉयफ्योर्ड एके ठिकाणी अवघा 250 मीटर रुंद. दोहों बाजूंस 1000 मीटरांहून उंच कडे! 2005 साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसा ठरविले.

वाटेत उंद्रेदाल लागले. बकरीच्या दुधाच्या चीजसाठी प्रसिद्ध अशा या गावाला 1988 पर्यंत मोटाररस्ता नव्हता. अडलेली बाळंतीण असो की आजारी मूल, होडीच काढावी लागे.

नावाड्याने यंत्र थांबविले. पाहुण्यांना गोड वाटणारी ती शांतता हिवाळ्यात तिथल्या बायकांना किती जड गेली असेल! म्हणून भगिनींनो, प्रवासास जाल तेव्हा देखाव्याबरोबर तिथल्या घरसंसाराचीही विचारपूस करा, एवढेच सांगते.