मुकेपणाचे मूळ कानात

मूल बोलेना की ‘जीभ जड आहे, बापही उशिराच बोलला’ असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. आम्हांस नम्रपणे सांगावयाचे आहे की, पुष्कळदा दोष जिभेचा नसून कानाचा असतो. श्वासाने कंठातील स्वरतंतू कंप पावतात; जीभ, टाळू, दात व ओठ त्या नादाचे वर्ण घडवितात; परंतु ही विद्या मूल कानानेच शिकते. पडद्यामागील ३ चिमुकली हाडे ध्वनिकंप शंखाकृती अंतःकर्णात पोहोचवितात. तेथील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. तथापि वेळीच श्रवणयंत्र, कर्णरोपण व शिक्षण लाभल्यास अशी पुष्कळ मुले बोलू लागतात. म्हणून जन्मानंतर महिन्याच्या आत श्रवणचाचणी करून घ्यावी. नवस अवश्य बोला. परंतु आधी बाळाचे कान तपासून घ्या, एवढीच आमची विनंती.